एका पळाची प्रार्थना

सायंकाळची वेळ. प्रवरेच्या कालव्याखालील उंसाच्या शिवारांतून माणसें घरीं परतत आहेत, गुरें दावणीला लागलीं आहेत, चुलींचा धूर वस्तीवर रेंगाळत आहे. इतक्यांत गांवाच्या एका टोकाला असलेल्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजते. तीन टोल, मग क्षणभर शांतता. पुन्हां तीन टोल, पुन्हां शांतता. आणखी तीन टोल, आणि मग एकसारखा घंटानाद. भाकरी थापणारी बाई हात थांबविते. ओसरीवर बसलेला म्हातारा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो. दोघेंहि कपाळ, छाती आणि खांदे यांना बोटें लावून क्रुसाची खूण करतात आणि कांहीं शब्द पुटपुटतात. थोड्याच वेळांत तें आटोपतें. भाकरी तव्यावर पडते, टोपी डोक्यावर चढते, आणि राहिलेलें बोलणें पुढें चालू होतें.

पूर्वीं अहमदनगर आणि २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागांतील कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांत ही जुनी रीत आहे. प्रत्येक तीन टोलांमागें एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. मराठी कॅथलिक तिला 'नमो मारिया' म्हणतात; गोव्याकडील कोंकणी बोलणारे 'नमान मोरये' म्हणतात; लॅटिन भाषेंत तिचें नांव 'आवे मारिया' असें आहे. आपल्या जुन्या कालगणनेंत एक घटका म्हणजे साठ पळें, आणि एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. ही प्रार्थना अगदीं सावकाश म्हटली तरी एका पळांत पुरी होते.

शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना ही प्रार्थना सर्वस्वीं अपरिचित नसते. शेजारच्या बिऱ्हाडांतून संध्याकाळीं एका सुरांत चाललेला तिचा घोष कानांवर आलेला असतो. आगगाडींत एखाद्या वृद्ध बाईच्या हातीं मण्यांची माळ सरकतांना दिसलेली असते. अशा वेळीं एक शंका सहज मनांत येते. तेच शब्द पन्नास पन्नास वेळां म्हणण्यांत हंशील तें काय? देवाला एकदां सांगितलेलें ऐकूं येत नाहीं काय? ही केवळ घोकंपट्टी नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर प्रार्थनेच्या अर्थांतच शोधलें पाहिजे. म्हणून प्रथम अर्थ पाहूं.

या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत मागणें मुळींच नाहीं. केवळ वंदन आणि गौरव आहे. हा भाग लूक या शुभवर्तमानकाराच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांतील दोन प्रसंगांवरून घेतलेला आहे. गालील प्रांतांतील नासरेथ या लहानशा गांवीं मारिया नांवाची एक तरुणी राहात होती. योसेफ नांवाच्या पुरुषाशीं तिचा वाङ्निश्चय झालेला होता. तिच्याकडे गब्रिएल हा देवदूत आला. त्यानें तिला वंदन केलें, देवाची कृपा तिच्यावर झाल्याचें सांगितलें, आणि प्रभु तिच्यासवें आहे असें आश्वासन दिलें. देवदूत म्हणजे मूळ ग्रीक शब्दाप्रमाणें निव्वळ निरोप्या. तेव्हां प्रार्थनेचे पहिले शब्द हे एका निरोप्याचे शब्द आहेत.

दुसरा प्रसंग तर अगदीं घरगुती आहे. मारिया डोंगराळ मुलुखांत आपल्या नात्यांतील एलिझाबेथ या वृद्ध स्त्रीला भेटावयास गेली. एलिझाबेथला उतारवयांत दिवस राहिले होते. दारांत आलेल्या मारियेचें अभिवादन ऐकतांच तिनें उंच स्वरानें तिला धन्य म्हटलें आणि तिच्या उदरांतील बाळालाहि धन्य म्हटलें. आपल्याकडे गर्भार लेक माहेरीं आली म्हणजे घरांतील वडीलधारी बाई तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटें मोडते. एलिझाबेथच्या उद्गारांत तोच जिव्हाळा आहे. एका निरोप्याचें वंदन आणि एका म्हातारीचा आशीर्वाद, एवढ्यांत पहिला भाग संपतो. त्याच्या शेवटीं येशूचें नांव येतें. सगळी प्रार्थना त्या नांवाभोंवतीं फिरते. मारियेचा गौरव आहे तो त्या पुत्रामुळें आहे.

यांतील दोन शब्दांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. पहिला शब्द वंदनाचा. ग्रीक ग्रंथांत तेथें जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'आनंदित हो' असा आहे. ग्रीक लोक एकमेकांना भेटतांना तोच शब्द वापरीत. लॅटिन भाषेनें तेथें 'आवे' हा रोमन लोकांचा भेटीचा शब्द घातला. मराठीनें 'नमो' म्हटलें. प्रत्येक भाषेनें आपापल्या घरची रीत पाळली. दुसरा शब्द कृपेचा. येथेंहि ग्रीक शब्दाची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. तो कर्मणि आहे. जिच्यावर कृपा झालेली आहे ती, असा त्याचा अर्थ. म्हणजे मारिया ही झऱ्यासारखी नसून झऱ्याखालीं धरलेल्या घागरीसारखी आहे. घागर कांठोकांठ भरलेली आहे, परंतु पाणी झऱ्याचें आहे. उन्हाळ्यांत दोन हंड्यांसाठीं कोसभर पायपीट केलेल्या मुलुखाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

'नमो' हा शब्द आपण देवासाठीं वापरतों. मग कॅथलिक लोक मारियेला देव मानतात काय? मानीत नाहींत, आणि याचा पुरावा प्रार्थनेच्या दुसऱ्या भागांतच आहे. त्यांत मारियेपाशीं कांहीं 'दे' असें म्हटलेलें नाहीं. 'आमच्यासाठीं तूं विनंती कर' एवढेंच म्हटलें आहे. वडिलांपुढें उभें राहण्याचा धीर न होणारें मूल आईच्या पदराआड जाऊन म्हणतें, 'तूंच सांग ना त्यांना.' देणारे वडीलच असतात, हें त्या मुलाला पक्कें ठाऊक असतें. या ठिकाणीं ख्रिस्ती समाजांतच मतभेद आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. अहमदनगर शहरांत १८३१ सालापासून अमेरिकन मराठी मिशनचें कार्य सुरू झालें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारखा कवि त्याच परंपरेंत वावरला. त्या प्रॉटेस्टंट परंपरेंत ही प्रार्थना म्हणत नाहींत. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या मध्यस्थाचें कारण नाहीं, अशी तिची धारणा आहे. कॅथलिकांचें उत्तर असें कीं, जिवंत शेजाऱ्याला 'माझ्यासाठीं प्रार्थना कर' म्हणण्यानें ख्रिस्ताचें मध्यस्थपण कमी होत नाहीं, तसेंच त्याच्या आईला म्हणण्यानेंहि होत नाहीं. एकाच जिल्ह्यांत दोन्ही परंपरा नांदतात, आणि सणावारीं एकमेकांच्या घरचा फराळहि खातात.

आतां दुसरा भाग. हा शुभवर्तमानांतला नव्हे. शतकानुशतकें लोक पहिला भागच म्हणत असत. पुढें पंधराव्या शतकाच्या सुमारास युरोपांत त्याला विनवणीची जोड मिळत गेली. आणि १५६८ सालीं पोप पाचवे पायस यांनीं प्रसिद्ध केलेल्या रोमन प्रार्थनाग्रंथांत आजचा पाठ कायम झाला. या भागांत मारियेला 'देवाची आई' असें संबोधिलें आहे; ही पदवी इ. स. ४३१ मध्यें एफिसस येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें मान्य केलेली होती.

शाळेंत मुलांना वाक्याचें पृथक्करण करावयास सांगतात, तसें या विनवणीचें करून पाहावें. विनंती कोणाला? देवाच्या आईला. कोणासाठीं? आम्हां पापी जनांसाठीं. केव्हां? आतां, आणि आमच्या मरणाच्या वेळीं. काय मागावयाचें? येथें जागा रिकामी आहे! पाऊस, पीक, पुत्र, नोकरी, आरोग्य, कशाचेंहि नांव नाहीं. विनंती कर, एवढेंच. म्हणणाऱ्यानें आपलें दुःख त्या रिकाम्या जागेंत मनांतल्या मनांत ठेवावयाचें असतें. म्हणूनच एकच प्रार्थना सगळ्यांना पुरते. परीक्षेला बसलेला मुलगा, कर्जाच्या हप्त्यानें गांजलेला शेतकरी आणि बाळंतिणीच्या उशाशीं बसलेली सासू हीं सर्वें तेच शब्द म्हणतात, परंतु प्रत्येकाची रिकामी जागा निराळ्या गोष्टीनें भरलेली असते.

'आम्हां' हें अनेकवचन तर फार मोलाचें आहे. अंधाऱ्या खोलींत एकट्यानें प्रार्थना केली तरी 'मज पाप्यासाठीं' असें म्हणतां येत नाहीं. म्हणणाऱ्याला आपल्या शेजाऱ्याला बरोबर घ्यावेंच लागतें. ज्याच्याशीं बांधावरून भांडण आहे त्यालाहि. आणि तोहि त्याच वेळीं आपल्या घरांत बसून याला बरोबर घेत असतो.

परंतु या प्रार्थनेचा खरा गाभा तिच्या दोन काळांत आहे. तिला दोनच वेळा ठाऊक आहेत: एक आतांची आणि दुसरी मरणाची. काल काय झालें तें ती उगाळीत नाहीं. उद्यां काय होईल, पुढच्या वर्षीं पाऊस पडेल कीं नाहीं, मुलीचें लग्न कसें होईल, याचीहि ती यादी करीत नाहीं. माणसाची बहुतेक काळजी या दोन वेळांच्या मधल्या प्रदेशांत वावरते. प्रार्थना तो सारा प्रदेश ओलांडून जाते. हातांत असलेला क्षण आणि टळणार नसलेला क्षण, हे दोनच तिनें धरून ठेविले आहेत. आणि प्रत्येक माणसाच्या आयुष्यांत एक दिवस असा येतो कीं, ते दोन क्षण एकच होतात. त्या दिवसाची ही रोजची तयारी आहे. रोज तीन वेळां, घंटेच्या ठोक्यावर, भाकरी थापतां थापतां माणूस आपल्या मरणाचें नांव घेतो आणि पुन्हां भाकरी थापूं लागतो. यांत भय नाहीं आणि औदासीन्यहि नाहीं. ओळख करून घेणें आहे.

आतां तिचे नित्याचे उपयोग पाहूं. पहांटेची, मध्यान्हीची आणि सायंकाळची घंटा सांगून झालीच. दुसरा उपयोग जपमाळेचा. नेहमींच्या जपमाळेंत दहा दहा मण्यांचे पांच भाग असतात, आणि आरंभीं तीन मणी निराळे असतात. म्हणजे एका फेऱ्यांत ही प्रार्थना त्रेपन्न वेळां येते. प्रत्येक दहांच्या भागाला ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या चरित्रांतील एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावयाचा असतो. ओठ शब्द म्हणतात, बोटें मणी मोजतात, आणि मन त्या प्रसंगाजवळ बसतें. मठांतील शिकलेले साधु बायबलांतील दीडशें स्तोत्रें म्हणत. ज्यांना अक्षर येत नव्हतें त्यांनीं त्यांच्या जागीं दीडशें वेळां हीच प्रार्थना म्हणावयास सुरुवात केली. म्हणून जपमाळेला मारियेचें स्तोत्रसंहितापठण असें म्हणत असत. पुढें २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं आणखी पांच प्रसंगांची भर घातली. परंतु मूळ गोष्ट विसरतां कामा नये: ही निरक्षरांची पोथी होती.

नगर जिल्ह्याच्या बाबतींत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंचें कार्य सुरू झालें. ज्यांनीं त्यांचा धर्म स्वीकारला त्यांतील बहुतेकांच्या नशिबीं गांवकुसाबाहेरचें जिणें होतें. गांवची विहीर त्यांना बंद, देवळाची पायरी बंद, शाळेचा उंबरठा बंद. १८७६ ते १८७८ आणि पुन्हां १८९९-१९०० या दुष्काळांचे चटके त्यांनींच सर्वांत आधीं सोसले. अशा माणसांच्या हातीं पुस्तक देऊन काय उपयोग? मिशनचा मास्तर दिवसा मुलांना धुळाक्षरें शिकवी आणि रात्रीं कंदिलाच्या उजेडांत थोरांना प्रार्थना शिकवी. ती तोंडपाठ झाली कीं ती त्यांची झाली. जिला देवानें निवडलें ती एका नांव नसलेल्या खेड्यांतील गरीब मुलगी होती, हें त्या प्रार्थनेंतून त्यांना रोज ऐकूं येई. वेशीबाहेरच्या झोंपडींत बसून हे शब्द ऐकणाऱ्याला त्यांतून काय मिळालें असेल, याची कल्पना वेशीच्या आंत राहणाऱ्यांनीं करून पाहावी.

शिवाय ती मराठींत होती. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत देवळांतील मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिन भाषेंतच चाले. परंतु घरांतली प्रार्थना मायबोलींत असे. हा प्रघात आपल्याकडे जुना आहे. मराठी ओवींत 'ख्रिस्तपुराण' रचणारे इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें पुराण १६१६ सालीं छापलें गेलें. आणि त्यांच्या मरणानंतर १६२२ सालीं कोंकणी भाषेंतील त्यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका रायतूर येथें प्रसिद्ध झाली. नगरकडे पाहिलें तर १९०३ सालीं राहुरी तालुक्यांतील केंदळ या खेड्यांत फादर हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूनें मराठी कॅथलिकांसाठीं एक मासिक सुरू केलें. त्याचें नांव 'निरोप्या'. हे डोरिंग १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेंत पडावें लागलें आणि त्यांतील पुष्कळांना मायदेशीं धाडण्यांत आलें. माणसें गेलीं, परंतु त्यांनीं शिकविलेले शब्द चुलीपाशींच राहिले. मिस्सेला पुरोहित लागतो. या प्रार्थनेला आई पुरते.

'आई' म्हटल्यावर एका मराठी शब्दाची आठवण येणें अपरिहार्य आहे. याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें, इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी पुरी झाली, आणि तिच्या कर्त्याला महाराष्ट्र 'माउली' म्हणतो. श्रीरामपूर तालुक्यांत हरेगांव म्हणून एक ठिकाण आहे. एके काळीं तें बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठीं प्रसिद्ध होतें. तेथील मारियेला लोक 'मतमाउली' म्हणतात. मुंबईंत वांद्र्याच्या टेकडीवरची 'मोतमाउली' आहेच. आठ सप्टेंबर हा मारियेच्या जन्माचा सण; त्या सुमारास हरेगांवची यात्रा भरते. दूरदूरच्या गांवांहून लोक येतात, आणि त्यांत केवळ ख्रिस्तीच असतात असें नाहीं. नवस बोललेले हिंदुहि मेणबत्ती घेऊन रांगेंत उभे राहतात. वारकऱ्यांच्या ओठीं नाम असतें, तसे यात्रेकरूंच्या ओठीं हेच शब्द असतात. धर्मशास्त्रें निरनिराळीं आहेत आणि तीं एकच आहेत असें म्हणणें दोहोंचाहि अपमान होईल. परंतु जी कृपा मागून मिळते ती आईच्या रूपानें जवळ येते, हें या मातीला जुनें ठाऊक आहे.

आणखी लहानसहान उपयोग पुष्कळ आहेत. पापनिवेदनानंतर धर्मगुरु प्रायश्चित्त म्हणून ही प्रार्थना अमुक वेळां म्हणावयास सांगतात. प्रवासाला निघतांना, पहिलटकरणीला वेणा सुरू झाल्या असतां, पोराला ताप भरला असतां ती म्हणतात. मे महिना आणि ऑक्टोबर महिना हे मारियेचे मानले जातात. ऑक्टोबरांत कुटुंबें एकत्र बसून जपमाळ म्हणतात. घड्याळें दुर्मिळ होतीं तेव्हां युरोपांतील गृहिणी तिच्यावर वेळहि मोजीत. अमुक पदार्थ इतक्या 'आवे मारिया' होईपर्यंत शिजवावा, असें जुन्या पाककृतींत लिहिलेलें सांपडतें.

शेवटचा उपयोग शेवटच्या घटकेचा. घरांत कोणी अत्यवस्थ झालें कीं, आप्तेष्ट व शेजारी खाटेभोंवतीं गुडघे टेकून जपमाळ सुरू करतात. ही प्रार्थना दोन भागांत वांटून म्हणण्याची चाल आहे. एकानें पहिला भाग म्हणावयाचा आणि इतरांनीं दुसरा. त्या खोलींत स्वतःचे शब्द कोणाजवळच नसतात. मुलगा वडिलांना काय सांगणार? बायको नवऱ्याला काय सांगणार? घसा दाटलेला असतो, डोकें चालत नसतें. अशा वेळीं लहानपणापासून हजारों वेळां म्हटलेले शब्द आपोआप ओठांवर येतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. एखाद्याचा आवाज फुटला तरी बाकीचे ओळ पुरी करतात. ज्याची घटका भरली आहे त्याला आतां बोलतां येत नाहीं. परंतु ज्या विनंतीचा अर्धा भाग त्यानें जन्मभर स्वतःच्या मरणासाठीं म्हटला, तोच भाग इतर त्याच्यासाठीं म्हणत असतात. आणि तेथेंहि शब्द 'त्याच्या मरणाच्या वेळीं' असे नसतात. 'आमच्या' असेच असतात. एकाच्या मरणापाशीं बसलेले सर्वजण आपापल्या मरणाची आठवण करीत असतात, म्हणून तो मरणारा त्यांच्यांत एकटा पडत नाहीं.

आरंभींच्या शंकेचें उत्तर येथें मिळतें. तेच तेच शब्द पुन्हां पुन्हां कशाला? बहुतेक दिवशीं ते निव्वळ संवयीनें म्हटले जातात. मन भलतीकडे असतें, एक डोळा तव्यावर असतो. हें कॅथलिक लोकहि नाकबूल करणार नाहींत. परंतु पाढे पाठ करतांना मुलाला त्यांचा उपयोग दिसत नसतो. बाजारांत हिशेब करण्याची वेळ येते तेव्हां ते हाताशीं असतात. विहीर खणतात ती पावसाळ्यांत पाणी प्यावें म्हणून नव्हे. दररोजच्या त्रेपन्न आवृत्त्यांतील बावन्न कदाचित् कोरड्या जात असतील. पण ज्या दिवशीं माणसाजवळ स्वतःचा एकहि शब्द उरत नाहीं, त्या दिवसासाठीं ती सारी सांठवण असते.

घंटेचा नाद आतां थांबला आहे. बाईनें भाकरी उलटली आहे, म्हाताऱ्यानें टोपी घातली आहे. मधें गेलें तें एखादें पळच. त्या पळांत तिनें आणि त्यानें नासरेथच्या एका मुलीला वंदन केलें, गांवांतल्या सगळ्यांना आपल्याबरोबर घेतलें, आणि आपल्या शेवटच्या दिवसाकडे न घाबरतां एकवार पाहून घेतलें. मग म्हातारा ओसरीवरून विचारतो, 'झाली का गं भाकरी?' आणि आंतून उत्तर येतें, 'या, वाढते.'